छकडा, जीप आणि पासिंग

धानाची मळणी आटोपली की भंडारा जिल्ह्यात शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, दिवस येतात. दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक, असा इथला जुना शिरस्ता आहे. पटात पळणारा छकडा आणि शेतावर राबणारी बंडी या एकाच कुळातल्या, पण घडण अगदी वेगळी. बंडीला ओझं वाहायचं असतं, छकड्याला फक्त धुरकरी, म्हणजे हाकणारा. त्यामुळे ओझ्यासाठी लागणारं सारं छकड्यातून वजा झालेलं असतं. उरतात दोन हलकी चाकं, जू आणि धुरकऱ्यापुरती जागा. कामाचं वाहन घ्यायचं, त्यातलं नको ते काढायचं आणि ते पळवायचं, ही बुद्धी या भागात इंजिनाच्या कितीतरी आधीपासून आहे.

याच बुद्धीला अमेरिकेत ‘हॉट रॉड’ हे नाव मिळालं. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातली तरुण मुलं जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड, टप आणि बोनेट उतरवून त्या म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रात पळवू लागली. १९३२ साली फोर्डने स्वस्त गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन दिलं आणि या नादाला बळ आलं. १९३७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या अशा मंडळांची एक संघटना झाली, जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ याच नावाचं मासिक निघालं आणि १९५१ मध्ये राष्ट्रीय पातळीवरची शर्यत-संघटना उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या जवानांच्या हाताला यंत्रांची सवय होती आणि जुन्या गाड्या पोत्याने पडलेल्या होत्या. तिथला नाद मुबलकतेतून वाढला.

आपल्याकडे गाडी बदलण्याची कला टंचाईतून आली. हा फरक लक्षात घेतला तरच भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात, विदर्भात, किंबहुना सगळ्या महाराष्ट्रात पुढे काय घडलं आणि ते २०१९ साली का थांबलं, हे समजतं.

गोष्ट सुरू होते जीपपासून. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कारखानदारांकडे हलक्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीची मागणी नोंदवली. मुदत इतकी कमी होती की बहुतेकांनी अंग काढून घेतलं. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने सप्टेंबरात पहिला नमुना वेळेत नेऊन दिला. पण मोठं उत्पादन विलीज आणि फोर्डच्या वाट्याला गेलं. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या आणि जिथे जिथे दोस्त राष्ट्रांच्या फौजा गेल्या, तिथे त्या पोचल्या. युद्धानंतर त्यांतल्या हजारो गाड्या आणल्या त्याच देशांत राहिल्या. मनिलाच्या लोकांनी त्यांचं मागचं अंग लांबवून ‘जीपनी’ ही प्रवासी गाडी घडवली. दिल्लीत लष्करातून निघालेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकलींना मागे बाकडी जोडून ‘फटफटी’ झाली, ती १९९०च्या दशकाअखेरपर्यंत माणसं वाहत होती. अशा गाड्या घडवणाऱ्या बहुतेकांची नावं कुठे नोंदली गेली नाहीत. काम मात्र पक्कं होतं.

भारतात जीपला कायमचा मुक्काम मिळाला तो मुंबईमुळे. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. त्याआधीच, १९४७ मध्ये, विलीजच्या ७५ जीप सुट्या भागांत आणून मुंबईत जोडण्याचं काम सुरू झालं होतं.

नंतरच्या सहा-सात वर्षांत दिल्लीतल्या धोरणाने देशातल्या मोटारींचं चित्र ठरवून टाकलं. तयार गाड्यांची आयात बंद झाली. १९५३च्या सुमारास ठरलं की देशात टप्प्याटप्प्याने गाडी बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच धंद्यात राहावं. १९२८ पासून शिवडीत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डनेही गुंडाळला. उरल्या मोजक्या कंपन्या आणि त्यांच्या दारात वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षायाद्या. ज्याच्या दारात गाडी आहे त्याने ती मरू द्यायची नाही, हा व्यवहाराचा नियमच होऊन बसला.

भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता, नागपूर राजधानीच्या राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. वैनगंगा, चुलबंद आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले, तुमसरकडे चिखला आणि डोंगरी बुजरुकच्या मँगनीज खाणी, कोका-नागझिऱ्याचं रान, धानाच्या बांध्या: अशा मुलखात पावसाळ्यातही चालेल अशी गाडी म्हणजे जीप. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि बीडीओची जीप हा गावागावात सरकारचा चेहरा झाला. ती गाडी म्हातारी झाली की लिलावात निघे. खासगी माणसाच्या हाती जीप येण्याची ही एक मोठी वाट होती. दुसरी वाट लष्करी लिलावांची. जबलपूरच्या वाहन कारखान्यात शक्तिमान ट्रक, निस्सानच्या परवान्यावरची एक टनी गाडी आणि जोंगा तयार होत आणि लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या नंतर लिलावात येत.

आता जीपच्या घडणीकडे थोडं थांबून पाहायला हवं, कारण या साऱ्या इतिहासाचं मर्म तिथे आहे. जीपची चेसिस म्हणजे दोन लांब पोलादी पट्ट्या आणि त्यांना आडव्या जोडण्या, जमिनीवर आडवी ठेवलेली शिडीच. तिच्यावर बॉडी बोल्टांनी बसवलेली. बॉडीचे पत्रे जवळजवळ सपाट, त्यामुळे ते ठोकायला कारखान्यातला अवाढव्य प्रेस लागत नाही. पत्रा कापणारा, वाकवणारा आणि वेल्डिंग करणारा चांगला कारागीर ते तालुक्याच्या गावी करू शकतो. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं सुटं, हाताला येणारं. त्यात आणखी एक गोष्ट घडली. १९५३ साली आलेलं उंच बोनेटचं सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झालं, पण भारतात त्याच साच्यावरच्या गाड्या त्यानंतरही कित्येक वर्षं निघत राहिल्या. परवाना पद्धतीला ज्या कारणासाठी आपण नावं ठेवतो, त्याच कारणाने एका पिढीच्या जीपचा भाग दुसऱ्या पिढीच्या जीपला लागत राहिला. मेकॅनिकला यापेक्षा मोठी शाळा कोणती मिळणार?

या शाळेतला पहिला अवघड धडा होता डिझेलचा. मूळ जीपचं पेट्रोल इंजिन ताकदवान, पण पिणारं. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं आणि ही गाडी पोसणं जड झालं. महिंद्रनेही डिझेल इंजिनं आणली. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्युजोकडून परवाना घेऊन त्या जातीचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसू लागलं. पण ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती, त्यांनी गॅरेज गाठलं.

इंजिन बदलणं म्हणजे एक उचलून दुसरं ठेवणं नव्हे. डिझेल इंजिन वजनाला जास्त, त्यामुळे पुढच्या कमानींना जादा पाटा घालावा लागतो. त्याचे थरथराट वेगळे, म्हणून चेसिसवर नवे माउंटिंग वेल्ड करावे लागतात. इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांचे बोल्ट जुळत नाहीत, तेव्हा लेथवर जाड पट्टीची प्लेट कापून मधे घालायची आणि ती इतकी अचूक हवी की शाफ्टचा मध्य केसभरही हलू नये. हलला तर क्लच जळतो, बेअरिंग जातं. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत फिरतं. जुन्या डिफरन्शियलवर गाडी ओढते जोरात, पण पळत नाही. मग डिफरन्शियलचे दाते बदलायचे. रेडिएटर मोठा लावायचा. हे करणारे बहुतेक उस्ताद शाळा अर्धवट सोडून गॅरेजात आलेले होते. अभियांत्रिकीच्या पुस्तकातलं गुणोत्तर त्यांनी हाताने शिकलं. आपल्या औद्योगिक इतिहासात त्यांना एक ओळही मिळालेली नाही, याची मला खंत वाटते.

कायदा तेव्हा आडवा येत नव्हता. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात अशी वाट होती: गाडीत फेरबदल केल्यास मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं, त्याने पाहायचं आणि नोंदवायचं. आरसी बुकात इंजिन नंबर बदलून मिळे, पेट्रोलच्या जागी डिझेल लिहिलं जाई. ग्रामीण बोलीत याला ‘पासिंग करून घेतलं’ म्हणत.

पुढे जीपचं अंग लांबलं. मागे समोरासमोर बाकं, वर ताडपत्रीचा हूड, काळा-पिवळा रंग: एसटी पोचत नाही तिथे काळी-पिवळी पोचली. साकोली, लाखांदूर, पवनी, तुमसरच्या वाटांवर तिने शाळकरी मुलं, बाळंतिणी, धानाची पोती, पटाचे शौकीन सगळ्यांना वाहिलं. आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त माणसं भरून, मागच्या पायरीवर लटकवून वाहिलं. ही बाजू लपवण्यात अर्थ नाही. लांबवलेली चेसिस, जुने ब्रेक आणि दुप्पट माणसं यांचा हिशेब अपघातातच चुकता होतो.

१९८२ मध्ये लाखनी तालुक्यातल्या गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आला आणि जिल्ह्याचं मोटारींशी नातं घट्ट झालं. त्या काळच्या भारतीय ट्रकची एक गंमत शहरी वाचकाला ठाऊक नसते. कंपनी विकायची ती बहुधा नुसती चेसिस, पुढचा तोंडाचा पत्रा आणि चाकं. केबिन आणि बॉडी मालकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. डोक्याला फडकं गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा चढवून उघड्या चेसिसवर शेकडो किलोमीटर जाणारे चालक राष्ट्रीय महामार्गावर नेहमी दिसत. म्हणजे देशातला जवळजवळ प्रत्येक ट्रक हा अर्धा कारखान्यातला आणि अर्धा हाताने घडवलेला होता. तो कारखानदारीचा मान्य भाग होता, कुणी त्याला बेकायदा म्हटलं नाही.

अख्खी गाडीच स्वतः घडवू पाहणाऱ्यांचं मात्र वेगळं झालं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी जेमतेम शालेय शिक्षणावर १९४९ मध्ये दोन माणसांची छोटी मोटार तयार केली. ‘मीरा’ असं तिचं नाव. दोन दशकं ते तिच्यात सुधारणा करत राहिले आणि चार माणसांच्या मॉडेलपर्यंत आले. बारा हजार रुपयांत सामान्य माणसाला मोटार द्यायचा त्यांचा बेत होता. उत्पादनाचा मार्ग काही खुला झाला नाही. सगळी मोटार नव्याने बनवणाऱ्याला दार बंद आणि असलेल्या मोटारीत फेरफार करणाऱ्याला खिडकी उघडी, असा तो काळ होता. साहजिकच मराठी मुलखातली यंत्रबुद्धी खिडकीकडे वळली.

गरजेचा नाद झाला तो १९९०च्या दशकात. १९९४ मध्ये टाटा सुमो आली, २००० मध्ये बोलेरो. ठेकेदार, पुढारी, सरकारी खाती नव्या गाड्यांकडे गेली आणि जुन्या जीप स्वस्त झाल्या. कॅलिफोर्नियात तीसच्या दशकात जे फोर्डचं झालं होतं, ते इथे साठ वर्षांनी जीपचं झालं. हाती पैसा आलेला तरुण शेतकरी, दुकानदाराचा मुलगा, गॅरेजवाला स्वतः, अशांनी त्या घ्यायला सुरुवात केली. रुंद टायर, खाली-वर होणारी काच, पुढे विंच, मागे रोल बार, चॉकलेटी किंवा लष्करी हिरवा रंग. हरियाणातल्या मंडी डबवालीला तर जीप बांधून देण्याचा मोठा बाजारच उभा राहिला आणि तिथल्या गाड्या देशभर गेल्या. लग्नात नवरदेव उघड्या जीपमधून निघू लागला. नागझिऱ्यासारख्या रानांत पर्यटकांना फिरवणारी जिप्सीही टप काढून, मागची आसनं उंच करूनच चालली. २०१० मध्ये महिंद्रने ‘थार’ आणली, तेव्हा जुन्या जीपच्या वळणाला खुद्द कंपनीने दिलेली ती दादच होती.

याच काळात कायदा बदलत होता, पण गॅरेजात त्याची फारशी चाहूल नव्हती. १९८८चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम ५२ मध्ये फेरबदलाचा विषय आहे. २००० सालच्या दुरुस्तीने ते कलम कडक झालं: उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सीएनजी-एलपीजीचे मान्य संच वगैरे थोडे अपवाद ठेवले. केरळ उच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांचा आधार घेऊन बदलांना काहीशी मुभा दिली होती. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असं स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात १८२-अ हे कलम आलं: असा फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ज्या गाडीला एकेकाळी अधिकाऱ्याने स्वतः ‘पास’ केलं असतं, ती घडवणं आता गुन्हा झाला.

यामागचं कारण खरं आहे. त्या एका वर्षात, २०१९ मध्ये, देशात रस्त्यांवर १,५१,११३ माणसं गेली. कुणी तरी कापून जोडलेली चेसिस समोरून येणाऱ्याच्या जिवावर उठू शकते, तेव्हा सरकारने हात बांधून बसावं असं कोणी म्हणणार नाही. माझा आक्षेप इतकाच की नीट केलेलं आणि भोंगळ केलेलं यांतला फरक तपासण्याची वाटच ठेवली नाही. जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘विंटेज’ नोंदणीचे नियम आले, वेगळी ‘व्हीए’ मालिका मिळाली, पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात मोठे फेरबदल नसावेत. संस्थानिकांच्या तबेल्यात झाकून ठेवलेली मोटार या व्याख्येत बसते. चिखलात राबलेली, एकदा पेट्रोलची डिझेल झालेली, दोनदा पत्रा बदललेली जीप बसत नाही. आपल्या रस्त्यांचा खरा वारसा त्या दुसऱ्या गाडीत आहे.

इथे पुन्हा शंकरपटाकडे यावं लागतं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना बंदी केली आणि झाडीपट्टीतले पट थांबले. लोक गप्प बसले नाहीत. विधिमंडळापर्यंत विषय गेला, २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना सशर्त वाट मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. हजार मीटरची मर्यादा, काठी-चाबकाला मनाई, पशुवैद्यकाची तपासणी, या अटींवर पट पुन्हा भरतात. नाद आणि सुरक्षितता यांचा मेळ अटी घालून बसवता येतो, हे याच जिल्ह्यातल्या लोकांनी पाहिलं आहे. जीपवाल्यांची मात्र कधी संघटना झाली नाही, कुणी निवेदन घेऊन मुंबईला गेलं नाही. गाड्या गुपचूप शेडमध्ये गेल्या किंवा भंगारात.

त्याच डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची बातमी देशभर गेली. भंगारातल्या भागांपासून त्यांनी सुमारे साठ हजार रुपयांत मुलासाठी छोटी चारचाकी केली होती, मोटरसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. आनंद महिंद्र यांनी कौतुक करताना हेही सांगितलं की नियमांत ती बसत नाही. त्यांनी ती गाडी मागून घेतली आणि बदल्यात बोलेरो दिली. कौतुक उमदं होतं. पण प्रत्येक लोहाराला महिंद्र भेटत नाही, आणि त्या गाडीला रस्त्यावर येण्याचा मार्ग त्यानंतरही मिळाला नाही.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना निदान बंदिस्त मैदान तरी आहे. २००७ पासून इंदूरजवळ पिथमपूरला ‘बाहा’ स्पर्धा भरते. महाविद्यालयांचे संघ स्वतः वेल्ड केलेल्या नळ्यांच्या गाड्या घेऊन जातात. आधी आराखडा, ब्रेक, रोल केज तपासले जातात, मगच चिखलाची शर्यत. गॅरेजातल्या पोराला असं मैदानही नाही, कारण त्याच्याकडे महाविद्यालयाचं ओळखपत्र नाही.

इतर देशांनी मार्ग काढलेला आहे. ब्रिटनमध्ये एकट्यादुकट्या हाताने बनवलेल्या गाडीची स्वतंत्र तपासणी होते, ती उत्तीर्ण झाली की रस्त्यावर येते. कॅलिफोर्निया दर वर्षी ठरावीक पाचशे अशा गाड्यांना धुराच्या नियमांत सवलत देऊन नोंदवतं. आपल्याकडे पुण्यात १९६६ पासून एआरएआयसारखी चाचणीसंस्था आहे, अहिल्यानगरला लष्करी वाहनांची संशोधनसंस्था आहे. ब्रेक, स्टिअरिंग, चेसिसचे जोड आणि धूर यांची तपासणी करून वर्षाला मर्यादित संख्येने हौशी गाड्यांना, वेगळ्या नंबरपट्टीवर आणि धंदेवाईक वापराला मनाई करून, पासिंग देता येईल. त्यासाठी कलम ५२ मध्ये एक उपकलम पुरे. ही मागणी विदर्भातून व्हायला हवी, आणि पटाच्या मागणीइतक्याच चिकाटीने.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. भंडाऱ्याच्या एमएच ३६च्याही आधीच्या नंबरची जीप ज्यांच्या शेडमध्ये उभी आहे, त्यांनी ती भंगारात देण्याआधी तिचं आरसी बुक, जुने फोटो आणि इंजिन कुणी, कोणत्या साली, कुठल्या गॅरेजात बदललं याची नोंद करून ठेवावी. ते उस्ताद आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना याच हिवाळ्यात गाठा आणि त्यांचं सांगणं लिहून घ्या.